सोमवारचं हवामान

दुकानाच्या शटरला निळा रंग देणाऱ्या माणसानं शिडीवरूनच विचारलं, "बाई, पाऊस येईल का हो?" आणि तिनं चालता चालता, मान वर न करता सांगून टाकलं, "छे, येतोय कुठला! दुपारी छान ऊन पडेल, संध्याकाळी जरा वारा सुटेल. तुम्ही बिनघोर रंगवा." रंगारी बरं झालं म्हणाला, त्यानं ब्रश डब्यात बुडवला, आणि ती चार पावलं पुढे जाऊन थबकली. आपण आभाळाकडे पाहिलंच नाही. नुसतं विचारायचा अवकाश, की तोंडातून हवामान बाहेर पडलं, तेही त्या आवाजात, दुधावरच्या सायीसारख्या जाड, मऊ, हलू न देणाऱ्या आवाजात. हा आवाज ऑफिसात ठेवून यायचा असतो, रुमालासारखा टेबलाच्या खणात, असं तिला आजवर वाटत होतं. तिनं वर पाहिलं. आभाळ इतकं खाली ओथंबलं होतं की गच्चीवरच्या टाक्या त्यात रुतल्यासारख्या दिसत होत्या. मागे फिरावं, सांगावं की अहो, थांबा, मी उगीच बोलले. पण तो माणूस शीळ घालू लागला होता, आणि शीळ घालणाऱ्याला मधेच तोडणं तिला कधी जमलं नव्हतं. ती तशीच पुढे गेली. पायाखालचा रस्ता रोजचाच, फरशा त्याच, कोपऱ्यावरची सैल फरशी रोजच्यासारखीच डुगडुगली, आणि तरी आज ती डुगडुग थेट छातीपर्यंत आली.

तिच्या खात्यातल्या शीळवाल्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. खात्यात त्याला सगळे शीळवालाच म्हणत, कारण जिन्यातून उतरताना त्याच्या तोंडी सदानकदा शीळ असायची म्हणे, आणि मोठे अधिकारी वैतागायचे की हा असा वाजत फिरला तर लपणार कसा. खात्याचं काम दुसऱ्यांची गुपितं गोळा करायचं. ती गोळा करायला जी माणसं दूर जात, त्यांच्या घरच्यांशी फोनवर बोलायचं, एवढाच तिचा त्यात वाटा. तिच्या खोलीला घरचा फोन म्हणत आणि त्या फोनवर बसणाऱ्या बाईला मावशी. नाव सांगायचं नाही, म्हणून हे नातं. तिच्या आधी बसायची तीही मावशी, तिच्या नंतर येईल तीही मावशी. म्हाताऱ्या बाप्यांची मावशी, नव्या नवऱ्यांच्या बायकांची मावशी, तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या आयांची सुद्धा मावशीच. जुन्या मावशीनं जाताना खुर्चीची उशी तिच्या हवाली केली आणि कानमंत्र दिला. नाही हा शब्द काढायचा नाही, त्याच्या जागी बघू म्हणायचं. माणूस कुठे आहे असं विचारलं की हवामान सांगायचं. "हवामान ऐकलं ना, की आईला तिचं लेकरू त्या हवेत उभं दिसतं. मग ती आणखी काही विचारत नाही." आणि शेवटचं, आपण होऊन कुणाला फोन लावायचा नाही. इथून घरी फोन जातो तो एकदाच, ती बातमी द्यायला. म्हणून घरोघरी माहीत होतं की मावशीला आपण फोन करायचा. मावशीचा आला, तर आधी खुर्ची ओढून घ्यायची.

कोण कुठे आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नसे. ती हवामान रचायची. एकाला समुद्रावरचा खारा वारा, एकीच्या नवऱ्याला कोरडी थंडी, आणि शीळवाल्याला धुकं, कारण शीळ धुक्यात लांबवर जाते असं तिला पहिल्याच सोमवारी वाटून गेलं होतं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्याचा नकाशांचा ग्रंथ तिनं इतका चाळला होता की तो म्हणायचा, "तू जग फिरून आलीस आणि मला सांगितलंही नाहीस." प्रत्येकाचं हवामान लक्षात ठेवायचं, त्याला महिन्यामहिन्यानं पुढे सरकवायचं, धुकं एकदम विरू द्यायचं नाही. शीळवाल्याच्या आईनं, दर सोमवारी फोन करायची म्हणून सोमवारच्या आईनं, पहिल्याच वर्षी धुक्याला भिऊन स्वेटर विणून पाठवला. खात्याच्या टपालाच्या थैलीतून तो गेला, आणि वर्ष उलटल्यावर त्याचे वापरून जीर्ण झालेले कपडे त्याच थैलीतून परत आले, तेव्हा वर पातळ सुती सदरे होते, उन्हानं पांढरे पडलेले, पाठीवर घामाच्या मिठाच्या रेघा. आणि तळाशी स्वेटर, घडीही न मोडलेला. तिनं तो नाकाला लावून पाहिला. आईच्या घराचा वास तसाच होता. त्या सोमवारी ती म्हणाली, "आई, अंगातून काढत नाही म्हणे तो!" आणि पलीकडे आई इतकी हसली, इतकी हसली, की स्वेटर कपाटात ठेवून कुलूप लावताना तिला वाटलं, झालं ते बरंच झालं.

तीन वर्षांनी माणूस परत आणायचा हा खात्याचा नियम. शीळवाल्याला सातवं चालू होतं. तिकडची बोली त्याच्याइतकी कुणाला येत नव्हती, आणि येणारा दुसरा तयार करायला कुणाला सवड नव्हती. दरवर्षी ती त्याच्या बदलीचा प्रस्ताव वर पाठवायची आणि दरवर्षी तो खाली यायचा. माणसांचा कारभार पाहणारे साहेब, ज्यांना पाठीमागे सगळे सरासरी म्हणत, नाकावरचा चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "घरून काही ओरड आहे का?" ती म्हणायची, नाही. "मग झालं तर! ज्यांच्या घरून ओरड आहे त्यांचं आधी बघू. तुमच्यामुळे इतकी शांतता आहे, मावशी, तिला नजर लावू नका." ती या कौतुकानं सुखावून खोलीत परतायची, उशी पाठीशी घ्यायची, आणि मग बऱ्याच वेळानं, चहा गार झाल्यावर, तिला आपण कशाला गेलो होतो ते आठवायचं.

त्या दिवशी, रंगाऱ्याला हवामान सांगून ती ऑफिसात पोचली त्या शुक्रवारी, बाहेरची माणसं आली होती. खातं आपल्याच माणसांना कसं वागवतं, कुणाला कुठे पाठवतं, कधी परत आणतं, बढती कशी देतं, हे बघायला सरकारनं समिती नेमली होती. एक निवृत्त न्यायाधीश, आणि एक चष्मेवाल्या बाई, ज्यांचा जन्म मोठमोठ्या इस्पितळांतल्या नर्सा आणि डॉक्टरांच्या पाळ्या लावण्यात गेला होता. बैठकीच्या आधी सरासरी साहेबांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "एकेकट्या माणसाबद्दल बोलायचं नाही. त्यांना तो अधिकारच नाही. सगळ्यांचं मिळून बोला. सरासरी." ती हो म्हणाली होती, पण आठवडाभर भांडी घासताना, जिना चढताना, ती मनात एकच वाक्य घोटत होती, एक माणूस आहे, त्याला परत आणा. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाहेरचं विचारणार होतं. एवढी एक फट उघडणार होती.

"बसा," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय म्हणायचं?"

"मावशी," कोपऱ्यातून साहेबांनीच उत्तर दिलं.

"अहो, मी यांच्याहून मोठी असेन!"

"वयाचा संबंध नाही, मॅडम. पद आहे ते."

न्यायाधीश हसले. खोलीत नव्या फाइलींचा आणि ओल्या छत्र्यांचा वास होता. म्हणजे पाऊस सुरू झाला. तिला शटर आठवलं. "तक्रारी साधारण किती येतात?" बाईंनी विचारलं, आणि ती तोंड उघडते तोच साहेब म्हणाले, "एकही नाही. सरासरी काढायलासुद्धा काही नाही बघा." चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चांगले होते, थकलेले आणि खरोखर कुतूहलाचे. "एवढी घरं, एवढी वर्षं, आणि एकही नाही? मी इस्पितळं चालवली आहेत, मला ठाऊक आहे माणसं किती ओरडतात. कसं जमवलंत हो तुम्ही?"

कसं जमवलंत. प्रश्न साधा होता, पाठीवर हात ठेवावा तसा. पण तो तिच्या आत पडला आणि पडतच राहिला, खोल विहिरीत बादली सुटावी तसा. पाण्याचा आवाज यायची ती वाट पाहत राहिली. घरून ओरड आहे का? नाही. का नाही? कारण मी आहे. मी दर सोमवारी धुकं पाठवते आणि त्या धुक्यात आईची ओरड विरून जाते. खात्यानं त्याला तिकडे धरून ठेवलेलं नाही. खात्याच्या हातात नुसतं दोरीचं टोक आहे, गाठ मी मारली आहे, माझ्या या आवाजानं. "एक माणूस आहे," ती म्हणाली.

साहेब खोकले. "मावशी, सरासरी."

"सरासरी काय सांगू, साहेब? सरासरीला आई नसते."

"वा!" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. न्यायाधीशांनीही मान डोलावली. सगळ्यांना वाक्य आवडलं. साहेबांनासुद्धा. वाक्य वहीत गेलं आणि माणूस होता तिथेच राहिला. मग बाई म्हणाल्या, तुमचं काम आम्हाला एकदा प्रत्यक्ष ऐकायचंय, आणि साहेब खुशीत म्हणाले, "सोमवारी या. सोमवारी एक आई फोन करते. ऐकण्यासारखी आहे."

संध्याकाळी ती त्याच रस्त्यानं परतली. शटरवरून निळ्या धारा ओघळून फुटपाथवर आल्या होत्या, तिथून गटारापर्यंत. रंगारी पायरीवर बसून ब्रश पिळत होता. "या, या, हवामान खातं!" तो ओरडला. "उद्या पुन्हा सांगा, म्हणजे बाजूची भिंतही धुऊन निघेल!"

"चुकलं हो माझं," ती म्हणाली. "होतं असं कधी कधी. पण रंग मोठा छान निवडलात. वाळला की खुलेल बघा."

रंगाऱ्यानं ब्रश खाली ठेवला. "असं गोड बोलू नका, बाई. सकाळपासून ठरवलं होतं, ही दिसली की हिच्याशी कडाकडा भांडायचं. आता कसं भांडू?"

निळं पाणी तिच्या चपलेभोवती वळसा घालून गेलं. घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. सोमवारी काही म्हणून काही करायचं नाही. फक्त समजूत घालायची नाही. आई विचारील आणि आपण कोरडं राहायचं, खडखडीत. मग आईला राग येईल, ती रडेल, भांडेल, माझा मुलगा परत द्या म्हणेल, आणि पलीकडच्या खोलीत दोन माणसं ते ऐकतील. त्या म्हातारीला दुखवायचं, ठरवून, तिच्या भल्यासाठी. शनिवार-रविवार ती कोरडं राहायचा सराव करत होती. जेवताना म्हणाली, "मीठ जास्त झालंय." नवऱ्यानं घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. "काय म्हणालीस?" "खारट झालीय तुझी भाजी." तो इतका खूश झाला की विचारू नका. "अगं, किती वर्षांनी नावं ठेवलीस! मला वाटायचं, घरीसुद्धा मी मावशीलाच फोन लावतोय." तो हसत होता, पण हसता हसता त्यानं डोळे पुसले, आणि ताट तसंच ठेवून ती बराच वेळ त्याच्या त्या ओल्या बोटांकडे बघत राहिली. म्हणजे इथेही. इथेही आपण कुणाला भांडू दिलं नाही.

सोमवारी भिंतीपलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कानाला लावायची यंत्रं उचलल्याचा आला, साहेबांचं हळू हसू आलं. मग फोन वाजला.

"मावशी?"

दर सोमवारी ती म्हणायची, बोला आई, वाटच बघत होते. आज ती म्हणाली, "बोला."

"सर्दी झालीय का गं तुला?"

"नाही." इतक्या वर्षांनी तो शब्द दातांवर आपटून बाहेर पडला.

"बरं. कसा आहे माझा वाजंत्री?"

"मला माहीत नाही, आई."

"आणि हवा? धुकं उठलं का?"

"तेही माहीत नाही. तो कुठे आहे हेच मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं." तिची बोटं फोनच्या वायरीत गुंतली होती, घट्ट, रक्त थांबेपर्यंत. आता. आता ओरडा, आई. मला शिव्या घाला. पोरी, इतकी वर्षं खोटं बोललीस म्हणा. भिंतीपलीकडे दोन जीव कान देऊन बसले आहेत, पुन्हा बसायचे नाहीत, आता एकदाच तो आवाज काढा जो मी तुम्हाला काढू दिला नाही. फोनमध्ये नुसती घरघर होती. त्या घरघरीत कुठेतरी म्हातारीच्या घरातलं घड्याळ चालत होतं. मग आई हसली. हळू, जपून, पोराचा हात धरून रस्ता ओलांडावा तशी.

"अगं, असं काय करतेस? मागच्या सोमवारी तूच नाही का सांगितलंस, सकाळी धुकं आणि दुपारी कोवळं ऊन म्हणून? तसंच असेल आजही. आणि त्याचं काम ते असं, तुला तरी कोण काय सांगणार, हो की नाही?" तिचा आवाज चढला होता, दाराबाहेर उभ्या असलेल्या कुणालातरी ऐकू जावा तसा. "माझं काही म्हणणं नाही बरं का. तुम्ही सगळे फार नीट बघता."

"आई, तो परत यायला नकोय का तुम्हाला?"

"हवाय की," आई म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत तिचा आवाज सोलला गेला. पण लगेच तिनं तो सावरला, पदर सावरावा तसा. "पण काम संपलं की येईलच. घे, त्याच्यासाठी निरोप लिहून घे." दर सोमवारी ती मुलासाठी दोन ओळी जुळवून आणायची, थैलीतून तेवढं पाठवायची मुभा होती. आजही तिनं सुरावर म्हटल्या:

"दाराच्या कडीला तेल घातलं शेजाऱ्यानं,
आता तू आलास तर कळायचं मला कशानं?"

आणि फोन ठेवला.

चष्मेवाल्या बाई आत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "केवढा विश्वास! तुम्ही मुद्दाम कोरडं बोललात ना, त्यांच्या मनाची ताकद आम्हाला दाखवायला?"

"मुद्दाम बोलले, पण खरं बोलले. मला खरंच माहीत नाही. त्या मुलाला सातवं वर्ष चालू आहे, बाई. नियम तीनचा आहे."

न्यायाधीश दारात थांबले. "नाव सांगता येईल त्याचं?"

"मला नाव सांगता येत नाही. मला ते माहीतही नाही. शीळवाला म्हणतात."

"आणि सांगितलं तरी," साहेब अदबीनं म्हणाले, "समितीला एकेकट्याचं बघता येत नाही, साहेब. कुटुंबाची तक्रार आली तरच. तेही महिनाअखेरपर्यंत."

न्यायाधीशांनी खांदे उडवले, वाईट वाटून उडवतात तसे. "कुटुंब तर आत्ताच आपण ऐकलं."

"तुमच्यासारखी व्यक्ती या जागेवरून कधीही हलवू नये," बाई म्हणाल्या, "असं आम्ही खास लिहिणार आहोत." त्यांच्या मनात खरोखर माया होती. तिला ओरडावंसं वाटलं आणि तिच्या तोंडून आलं ते, "फार आभारी आहे." सायीसारखं. बाहेर पडताना साहेब तेवढे कुजबुजले, "घाबरवलंत हो, मावशी!"

तो आठवडा तिनं कसा काढला तिचं तिला माहीत. ती फोन उचलायची, आकडे तिला पाठ होते, आणि पुन्हा ठेवायची. इथून घंटा गेली तर ती म्हातारी फोनपर्यंत पोचायच्या आधीच तिच्या लेखी मुलगा मरेल. भिंतीपलीकडची खोली रिकामी होती, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. तिनं कपाट उघडलं, स्वेटर काढला, मांडीवर घेतला. आईनं असं का केलं? नुसतं ओरडायचं होतं. हा राग कुणावर काढावा तेही तिला कळेना. साहेबांवर काढावा तर ते नियम दाखवत, बाईंवर काढावा तर त्या रडत होत्या, आणि आईवर काढावा तर आईनं काय केलं होतं, नुसती माया केली होती, जशी आपण केली. सगळीकडे मायेची साय धरली होती आणि खाली तो मुलगा, उन्हात, घामाच्या मिठाची पाठ घेऊन. रस्त्यावरच्या शटरला आता दुसरा हात बसला होता. रंगाऱ्यानं तिला पाहून आभाळाकडे बोट केलं, भुवया उडवल्या. तिनं मान वर करून नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "मला नाही सांगता येत."

"बरं केलंत," तो म्हणाला.

सोमवारी फोन वाजला. "ते लोक गेले का गं?" आईनं आधी तेच विचारलं, अगदी दबक्या आवाजात.

"कोणते लोक, आई?"

"तुझ्या डोक्यावर उभे होते ते. मी काय तुला ओळखत नाही? एवढी कोरडी तू कधी बोलत नाहीस. मला वाटलं, पोरीची परीक्षा चाललीय, कुणीतरी ऐकतंय, आणि घाबरून तिचं सगळं चुकतंय. म्हणून मी सांभाळून घेतलं. नीट बोलले ना मी? तुझ्या नोकरीला काही धक्का नाही ना लागला?" आणि ती उत्सुकतेनं थांबली, पहिला नंबर सांगायला घरी पळत आलेल्या मुलीसारखी. "झालं ना सगळं नीट?"

खिडकीबाहेर ऊन होतं, खरंखुरं, डोळ्यांना दिसणारं. मांडीवर स्वेटर होता. तोंडाशी साय आली होती, हो आई, फार छान झालं. ती तिनं गिळली.

"नाही," ती म्हणाली. "नाही झालं, आई. मला तुमच्याशी खरं बोलायचंय, आणि मग तुम्ही एक तक्रार करायची आहे. माझ्यावरसुद्धा."

"मग थांब," आई म्हणाली. "खुर्ची ओढून घेते."

आणि फरशीवरून खुर्ची ओढत आणल्याचा आवाज फोनमधून येऊ लागला, लांब, खरखरीत, कुठेही तेल न लागलेला.